काय लावले? कुणाचे लावले?



एप्रिल-मे महिना आला की आपल्या गावांत लग्नसराई, मुलांच्या सुट्ट्या आणि क्रिकेट ह्या तिन्ही गोष्टींना एकदमच भर येतो. सन २००८ पासून त्यात आयपीएलची भर पडली आहे. संध्याकाळी नाक्यावर, रिक्षा स्टँडवर, लोकलच्या डब्यात, कधी कधी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारातसुद्धा तरुणांच्या घोळक्यातून काही शब्द कानांवर पडतात. "आज लगाई काय चालू आहे?" "मी सहा ओव्हरचं सेशन यस केलं." "त्याची एक पेटी गेली." आपल्यापैकी अनेक आई-वडिलांना ह्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो. क्रिकेटमधलेच काहीतरी बोलत असतील असे समजून आपण पुढे जातो. खरे तर ही सट्ट्याची भाषा आहे.

ह्या भाषेची ओळख करून घ्यावी असे आम्हाला वाटते. ती शिकावी म्हणून नव्हे, तर तिच्याआड काय दडले आहे ते दिसावे म्हणून. सट्टा वाईट आहे हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. तरीही चांगल्या घरातली, प्रार्थनेला येणारी, आई-वडिलांना मान देणारी मुले त्यात सापडतात. असे का होते? ह्या प्रश्नाचे एक उत्तर त्या शब्दांतच आहे असे आम्हाला वाटते.

आधी अर्थ पाहू. जो पैसे लावतो तो 'पंटर' आणि जो ते स्वीकारतो तो 'बुकी'. एखादा संघ जिंकेल असे म्हणून त्याच्यावर पैसे लावणे म्हणजे 'लगाई' आणि तो हरेल ह्यावर पैसे धरणे म्हणजे 'खाई'. नागपूरकडच्या वर्तमानपत्रांत ह्यालाच 'लगवाडी' आणि 'खायवाडी' असे शब्द वाचायला मिळतात. ज्या संघाची जिंकण्याची शक्यता अधिक, तो 'फेव्हरेट', आणि त्याचा दर म्हणजे 'भाव'. हा भाव रुपयामागे पैशांत बोलला जातो. समजा, भारताचा भाव "पंचेचाळीस-सत्तेचाळीस" आहे. भारतावर १,००० रुपयांची लगाई करणाऱ्याला भारत जिंकला तर ४५० रुपये मिळतात, हरला तर त्याचे १,००० जातात. खाई करणाऱ्याला भारत हरला तर १,००० मिळतात, जिंकला तर त्याचे ४७० जातात.

आता बुकीच्या बाजूने हिशेब करू. एकाने १,००० ची लगाई केली आणि दुसऱ्याने तेवढ्याचीच खाई केली. भारत जिंकला तर बुकी एकाकडून ४७० घेतो आणि दुसऱ्याला ४५० देतो. त्याचे २० रुपये सुटले. भारत हरला तर एकाचे १,००० घेऊन दुसऱ्याला देतो. त्याचे काहीच गेले नाही. दोन्हीकडची गिऱ्हाइके सारखी मिळाली की बुकीला सामना कोण जिंकतो ह्याची काळजी उरत नाही. पंटर रात्रभर देवाचा धावा करीत असतो, बुकी मात्र शांतपणे वही लिहितो. आणि ४५ पैशांच्या ह्याच भावाने एखाद्याने १०० सामन्यांवर प्रत्येकी १,००० रुपये लावले आणि त्यातले ६९ अंदाज बरोबर ठरले, तर त्याला ३१,०५० मिळतात आणि त्याचे ३१,००० जातात. शंभरातून ६९ वेळा बरोबर ठरून हाती पन्नास रुपये! एवढी अक्कल आणि एवढा वेळ दुसऱ्या कोणत्याही कामात घातला असता तर?

'सेशन'चेही असेच आहे. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील त्याचा भाव "अठ्ठेचाळीस-पन्नास" असा निघतो. ५० किंवा अधिक होतील असे म्हणणारा 'यस' म्हणतो, ४८ सुद्धा होणार नाहीत असे म्हणणारा 'नो' म्हणतो. पण धावा ४८ किंवा ४९ झाल्या तर? तर दोघेही हरतात आणि दोघांचेही पैसे बुकीकडे जातात. भावातली ही फट बुकीची कमाई असते. तिला पंटरच्या भाषेत वेगळे नाव ऐकू येत नाही. पंटर "भाव" एवढेच म्हणतो, जणू भाजीबाजारातला भाव!

मग पैशांची नावे. एक लाख रुपये म्हणजे 'पेटी' आणि एक कोटी म्हणजे 'खोका'. हे शब्द मुंबईच्या गुन्हेगारी जगातून आले आणि आता साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहेत. सन २०२२ मध्ये राजकारणातल्या घोषणेमुळे तर 'खोका' शब्द शाळकरी मुलांनाही पाठ झाला. पेटी म्हटले की डोळ्यांसमोर आंब्याची पेटी येते. महिना २०,००० रुपये पगार असलेल्या मुलाचे "एक लाख रुपये हरलो" हे वाक्य पाच महिन्यांची मेहनत सांगते. "एक पेटी गेली" हे वाक्य काहीच सांगत नाही.

ही भाषा आजची नाही. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैजा लागत. १९६० च्या दशकात त्या भावांची जागा मडक्यातून काढलेल्या चिठ्ठ्यांनी घेतली आणि 'मटका' जन्माला आला. कापूस गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द राहिले. गिरणगावातल्या कामगाराला न्यूयॉर्कशी देणे-घेणे नव्हते. त्याच्या पगारातला भाग मात्र त्या दोन शब्दांवर जात होता. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना 'आकडा लावणारे' शेजारी आणि त्यांच्या घरची भांडणे अजून आठवत असतील.

सांकेतिक भाषा का लागते? ह्याचे पहिले कारण उघड आहे. जुगाराविरुद्ध आपल्याकडे १८८७ पासून कायदा आहे. पोलिसांना कळू नये म्हणून शब्द बदलावे लागतात. पण दुसरे कारण अधिक खोल आहे. जो शब्द पोलिसांपासून लपवतो, तोच शब्द हळूहळू बायकोपासून लपवतो, आई-वडिलांपासून लपवतो आणि शेवटी बोलणाऱ्याच्या स्वतःच्या मनापासूनही लपवतो. "मी जुगार खेळलो" असे म्हणताना जीभ अडखळते. "मी सेशन केलं" म्हणताना ती अडखळत नाही. सदसद्विवेकबुद्धीला जागे करायला तिला वस्तूचे खरे नाव ऐकू यावे लागते. नावच बदलले तर ती झोपूनच राहते.

मोठमोठ्या माणसांच्या बाबतीतही हेच घडले आहे. शेन वॉर्न आणि मार्क वॉ ह्या ऑस्ट्रेलियाच्या दोन नामवंत खेळाडूंनी १९९४ मध्ये एका बुकीकडून पैसे घेतले होते. १९९८ मध्ये ते उघडकीस आले तेव्हा त्यांचे म्हणणे असे, की आम्ही फक्त खेळपट्टीची आणि हवामानाची 'माहिती' दिली. माहिती हा किती निरुपद्रवी शब्द! सन २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए ह्याचे प्रकरण बाहेर आले आणि त्याच्यावर आजन्म बंदी आली. तोही सुरुवातीला माहितीच देत असल्याचे सांगत होता. विकत काय दिले जात होते त्याला 'विश्वास' हा शब्द होता. तो कुणी वापरला नाही.

अलीकडे सट्ट्याने दुसरी भाषा घेतली आहे. जुनी भाषा लपवणारी होती, ही नवी भाषा नटवणारी आहे. मोबाइलवरचा एजंट 'आयडी' देतो, म्हणजे बेकायदा खाते उघडून देतो. सुरुवातीला 'बोनस' मिळतो, 'फ्री बेट' मिळते. वास्तविक ते फुकट नसते, ते गळाला लावलेले आमिष असते. सामना संपण्याआधी थोडे पैसे परत घेऊन बाहेर पडण्याला 'कॅश आउट' म्हणतात, त्यातही बुकीचा वाटा आधीच कापलेला असतो. जो सर्वांत जास्त हरतो त्याला 'व्हीआयपी' गिऱ्हाईक म्हणून मान मिळतो. आणि 'पक्की खबर'? तिचे गणित ऐकण्यासारखे आहे. ८०० जणांना निरोप जातो. त्यांतल्या ४०० जणांना हा संघ जिंकणार म्हणून, उरलेल्या ४०० जणांना तो संघ जिंकणार म्हणून. ज्यांचा निरोप खरा ठरला त्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. पाच सामन्यांनंतर २५ जण असे उरतात ज्यांना पाचही वेळा खरी खबर मिळालेली असते. त्यांना वाटते, ह्या माणसाला सगळे आतून कळते. तो माणूस मात्र काहीच जाणत नसतो.

काही वर्षे टीव्हीवर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती येत. त्यांत चेहरे ओळखीचे, गाणी गोड, वाक्ये सावकाश. फक्त शेवटचे एक वाक्य, ह्या खेळात आर्थिक धोका आहे आणि त्याचे व्यसन लागू शकते असे सांगणारे, इतक्या घाईने म्हटले जाई की कुणाला कळू नये. साऱ्या जाहिरातीत तेवढेच एक वाक्य खरे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. कायदा जाहिराती थांबवू शकतो, काही दुकाने बंद करू शकतो. मनाला लागलेली भाषा मात्र कायद्याने बदलत नाही. ते काम घरात, शाळेत आणि चर्चमध्येच व्हायचे असते.

इथे कुणी विचारील, "मग आपल्या सणाच्या दिवशी हाऊझी खेळतो त्याचे काय? लकी ड्रॉची तिकिटे विकतो त्याचे काय?" प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देऊ नये. ख्रिस्तसभा प्रत्येक पैजेला पाप म्हणत नाही. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवरणात (क्रमांक २४१३) ह्याबद्दल स्पष्ट शिकवण आहे. नशिबाचे खेळ आणि पैजा ह्या स्वतःहून न्यायाच्या विरुद्ध नाहीत. पण माणसाच्या स्वतःच्या आणि इतरांच्या गरजा भागवायला जे लागते तेच त्या हिरावून घेऊ लागल्या की त्या नीतीला धरून राहत नाहीत. शिवाय जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते असाही इशारा तिथे दिला आहे.

म्हणजे प्रश्न चिठ्ठीचा नाही. हाऊझीच्या तिकिटाची किंमत तिकिटावर छापलेली असते. सारे कुटुंब शेजारी बसून खेळते. तिकीट फाडून फेकले की खेळ संपला. त्यासाठी सांकेतिक भाषा लागत नाही, कारण लपवण्यासारखे काही नसते. तरीही तिथेसुद्धा कुणी घरखर्चाचे पैसे तिकिटांत घालू लागला तर तो खेळ खेळ राहणार नाही, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. सणाच्या मांडवाखाली झाले म्हणून ते चांगले ठरत नाही.

मग प्रश्न कशाचा? तो 'लावले' ह्या शब्दात आहे. आपल्या मराठीत एक जुना, पूर्ण शब्दप्रयोग आहे: पणाला लावणे. हा शब्दप्रयोग करताना काय पणाला लावले ते सांगावेच लागते. घर पणाला लावले, शेत पणाला लावले, अब्रू पणाला लावली. सट्ट्याच्या भाषेत 'पणाला' गळून पडले आणि काय लावले तेही गळून पडले. नुसते 'लावले' उरले. जणू दिवा लावला, झाड लावले!

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लेझ पास्काल नावाचा मोठा गणितज्ञ आणि श्रद्धावान कॅथोलिक विचारवंत होऊन गेला. अर्धवट सुटलेल्या डावातले पैसे खेळाडूंमध्ये न्यायाने कसे वाटावेत, ह्या प्रश्नावर त्याने सन १६५४ मध्ये फर्मा ह्या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार केला. त्यातूनच शक्यतेचे गणित उभे राहिले. ह्या विषयावर लिहिताना पास्काल आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. खेळाडूंनी डावात घातलेले पैसे त्यांचे राहिलेले नसतात, त्यांनी त्यांवरची मालकी सोडलेली असते. त्यांच्याकडे उरतो तो फक्त दैव जे देईल त्याची वाट पाहण्याचा हक्क. किती सरळ बोलणे हे! आपला पंटर समजतो की पैसे 'लावले' आहेत, म्हणजे अजून आपलेच आहेत, तात्पुरते तिकडे ठेवले आहेत. म्हणूनच हरल्यावर तो "गेले" असे म्हणत नाही, "अडकले" म्हणतो. आणि मग 'रिकव्हरी'ची भाषा सुरू होते. आपले अडकलेले पैसे सोडवायला तो आणखी पैसे घेऊन जातो. जो धावतो आहे तो आपल्याच वस्तूमागे धावतो आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ती वस्तू पहिल्या क्षणीच दुसऱ्याची झालेली असते.

पैसे लावले ह्याचा अर्थ पैसे दिले असा असेल, तर पुढचा प्रश्न आपोआप येतो. ते देण्याचा अधिकार मला होता काय? ते कुणाचे होते? हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे. महाभारतातल्या द्यूतसभेत द्रौपदीने नेमके हेच विचारले. जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कुठून आला? त्या सभेत धर्म जाणणारे थोर लोक बसले होते आणि त्यांना सरळ उत्तर देता आले नाही. त्याहूनही जुन्या ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. त्यातही जुगाऱ्याच्या बरोबरीने त्याची पत्नी आणि आई दुःख भोगताना दिसतात. हजारो वर्षांत फाशांच्या जागी मोबाइल आला, पण आई आणि पत्नी त्याच जागी बसून आहेत.

आपण एखाद्या साध्या घराचा विचार करू. मुलगा नोकरीला आहे. पगाराच्या पैशांत आईचे औषध आहे, धाकट्या बहिणीची फी आहे, घराच्या कर्जाचा हप्ता आहे, थोडा देवाचा आणि गरिबाचा वाटाही आहे. हे पैसे त्याच्या खात्यावर जमा होतात म्हणून ते केवळ त्याचे होतात काय? ख्रिस्ती श्रद्धा सांगते की आपण आपल्याजवळच्या वस्तूंचे कारभारी आहोत. कारभाऱ्याने धन्याला आणि घरच्यांना हिशेब द्यायचा असतो. म्हणून मुलगा "दहा हजार लावले" म्हणतो तेव्हा त्या वाक्याचे खरे मराठी असे होते: "आईच्या औषधाचे आणि बहिणीच्या फीचे दहा हजार रुपये मी त्यांना न विचारता एका अनोळखी माणसाला दिले." हे वाक्य जेवणाच्या पाटावर, सगळ्यांसमोर, मान वर करून म्हणता येईल काय? म्हणता येत नसेल, तर ते करूही नये. ही कसोटी फार मोठी विद्वत्ता मागत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसाच्या पायथ्याशी शिपाई प्रभू येशूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. तो अंगरखा अखंड विणलेला होता, फाडला तर वाया जाईल असा त्यांचा व्यवहारी विचार होता. त्यांच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. ज्याचा तो अंगरखा होता तो मात्र त्यांच्या डोक्यावर, दोन हातांवर, शेवटचे श्वास घेत होता. चिठ्ठी टाकणाऱ्याची नजर नेहमी खाली असते. ती वस्तू कुणाची आहे हे पाहायला मान वर करावी लागते.

बंधू-भगिनींनो, मग आपण काय करावे? पहिले म्हणजे, आपल्या घरांत ह्या गोष्टींना त्यांच्या खऱ्या नावाने बोलावू या. मुलगा 'सेशन' म्हणाला तर न रागावता विचारू या, "म्हणजे काय रे बाळा? किती रुपये? कुणाचे?" पेटी म्हणाला तर "एक लाख" म्हणायला लावू या. दुसरे, गावातल्या क्रिकेट स्पर्धा भरवणाऱ्या आपल्या तरुण मंडळांनी मैदानाच्या कडेला चालणाऱ्या पैजांकडे काणाडोळा करू नये. खेळ आपल्या मुलांचा आहे, तो कुणाच्या वहीतली नोंद होऊ नये. तिसरे, कुणी अडकला असेल तर त्याला हिणवू नये आणि गुपचूप त्याचे कर्ज फेडून प्रकरण मिटवूही नये. फेडलेले कर्ज त्याला पुन्हा 'रिकव्हरी'ची वाट दाखवते. त्याच्यासोबत बसावे, सारा हिशेब साध्या आकड्यांत कागदावर लिहावा, घरच्यांना विश्वासात घ्यावे. जुगाराचे व्यसन हा मनाचा आजारही असतो आणि त्याला डॉक्टरांची मदत लागते. सरकारच्या 'टेली-मानस' ह्या सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मनाच्या दुखण्यासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. फोन करण्यात कमीपणा नाही.

आणि जो आज एकटाच हा लेख वाचतो आहे आणि ज्याला ह्यातले सारे शब्द आधीपासूनच ठाऊक आहेत, त्याला आम्ही एवढेच सांगू इच्छितो. पापनिवेदनात आपण आपल्या कृत्याचे नाव घेतो, कारण नाव घेतल्याशिवाय ते आपल्या हातून सुटत नाही. तिथे 'सेशन' आणि 'पेटी' हे शब्द उपयोगाचे नाहीत. तिथे साधे मराठी बोलावे लागते. ते एकदा बोलून पाहा. नंतर तेच घरी, आपल्या माणसांपुढे बोला. पहिले वाक्य फार जड जाईल, पण ते ऐकायला ती माणसे कधीपासून जागी आहेत.